शाळेचं बँडपथक स्पर्धेला न्यायचं तर काय काय करावं लागतं? वसई-विरार ते दिल्ली, सविस्तर

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. विरारजवळ सहलीला आलेल्या ठाणे-मुंबईतल्या शाळांच्या बस संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहतूक कोंडीत अडकल्या. बारा बस, पाचशेहून जास्त मुलं. घोडबंदर रस्त्याच्या दुरुस्तीमुळे अवजड वाहनं या बाजूला वळवली होती आणि वसईच्या पट्ट्यात सगळंच ठप्प झालं. मुलं बसमध्ये उपाशी बसून राहिली. कुणाला पाणी नाही, कुणाला लघवीला जायला जागा नाही. स्थानिक संस्थांच्या लोकांनी बिस्किटं आणि पाणी पोहोचवलं. कोंडी सुटेपर्यंत बुधवारची पहाट झाली होती.

ती मुलं निदान घरी परतत होती. त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचं नव्हतं. आता याच महामार्गावर, याच कोंडीत एखाद्या शाळेचं बँडपथक आहे अशी कल्पना करा. तीस मुलं कडक इस्त्रीच्या गणवेशात, डिकीत ढोल आणि ट्रम्पेट, आणि मैदानावर हजेरीची वेळ सकाळी आठची. वसई-विरारमधल्या कुठल्याही बँडमास्तरांना विचारा, धून बसवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. पथक वेळेवर, सगळ्या वाद्यांसह आणि वाजवायच्या अवस्थेत मैदानावर नेणं हे खरं काम.

तर हे काम नेमकं काय असतं, कुठून सुरू करायचं आणि कुठे अडतं, ते पाहू.

आधी स्पर्धा कोणती?

शाळेचं बँडपथक वर्षभरात ज्या कार्यक्रमांना जातं त्यातले बहुतेक हाकेच्या अंतरावर असतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं ध्वजवंदन, तालुक्याचा क्रीडा महोत्सव, एखाद्या शाळेचा अमृतमहोत्सव. या कार्यक्रमांना रिक्षा-टेम्पोने जाता येतं आणि वाद्य विसरलं तर एखादा पालक स्कूटरवरून आणून देतो.

मोठा प्रवास लागतो तो राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेसाठी. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांचा भाग म्हणून संरक्षण मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय मिळून ही स्पर्धा घेतात. आधी राज्य, मग विभाग आणि शेवटी दिल्ली अशा तीन फेऱ्या असतात. गट चार: मुलांचा ब्रास बँड, मुलींचा ब्रास बँड, मुलांचा पाइप बँड आणि मुलींचा पाइप बँड. ब्रास बँड म्हणजे ट्रम्पेट, युफोनियमसारखी पितळी वाद्यं आणि ड्रम. पाइप बँड म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम.

२०२५ ची अंतिम फेरी २४ आणि २५ जानेवारीला दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर झाली. प्रत्येक गटात चार अशी १६ पथकं होती आणि एकूण ४६६ मुलं-मुली. म्हणजे एका पथकात सरासरी २९ जण. पहिलं बक्षीस २१ हजार रुपये, दुसरं १६ हजार, तिसरं ११ हजार आणि उत्तेजनार्थ ३ हजार.

आता एक साधा हिशोब. २१ हजार भागिले २९ केलं की माणशी सव्वासातशे रुपयेही येत नाहीत. मुंबई ते दिल्ली स्लीपरच्या एका बाजूच्या तिकिटाच्या आसपासची ही रक्कम. तेव्हा बक्षिसाच्या पैशातून खर्च निघेल असं गणित मांडून कुणी जात असेल तर ते चूकच. जाण्याचं कारण वेगळं असतं. २०२५ मध्येच झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातल्या पटमदा इथल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाच्या मुलींनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात वाजवलं. कस्तुरबा विद्यालयं म्हणजे ग्रामीण भागातल्या गरीब घरच्या मुलींसाठीच्या निवासी सरकारी शाळा. त्या मुली कर्तव्यपथावर पोहोचल्या, मग पालघर जिल्ह्यातली शाळा का पोहोचू नये, हा प्रश्न रास्त आहे.

वसईला बँड नवा नाही

लग्नाच्या वरातीत आणि चर्चच्या सणात वाजणारा ब्रास बँड वसईतल्या ख्रिस्ती गावांच्या ओळखीचा आहे. कुपारी, ईस्ट इंडियन घरांत बँडशिवाय लग्न म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखं. त्यामुळे ट्रम्पेट वाजवणारा काका किंवा युफोनियम वाजवणारे आजोबा इथे शोधायला लांब जावं लागत नाही. शाळेच्या पथकाला शिकवायला माणूस मिळणं, जे राज्यात इतरत्र अवघड असतं, ते इथे तुलनेनं सोपं आहे. वाद्यं मात्र बाहेरूनच येतात. उत्तर प्रदेशातल्या मेरठची जाली कोठी ही बँडच्या वाद्यांची देशातली जुनी बाजारपेठ, आणि तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ पासूनची.

वरातीचा बँड आणि स्पर्धेचा बँड यांत फरक आहे तो चालण्यात. वरातीत पाय कसेही पडले तरी चालतात. स्पर्धेत वाजवता वाजवता रांग, वळण, थांबणं, सलामी हे सगळं पाहिलं जातं. म्हणून पथकाला बँडमास्तर हवा आणि कवायत घेणारा पीटीचा शिक्षकही हवा. प्रवासात दोघंही सोबत लागतात.

कागदपत्रं: इथूनच सुरुवात

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर राज्यात शैक्षणिक सहलींचे नियम कडक झाले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हा पुन्हा सगळीकडे परिपत्रकं फिरली. या परिपत्रकांत काही अटी कायम दिसतात: पालकांचं लेखी संमतिपत्र, दहा मुलांमागे एक शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, समुद्र-तलावापासून लांब राहणं, रात्रीचा प्रवास टाळणं, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी.

बँडपथक स्पर्धेला जातं, सहलीला नाही. म्हणून परवानगी लागत नाही असं काही शाळांना वाटतं. मुलं शाळेच्या जबाबदारीवर बाहेरगावी जात आहेत, एवढंच पुरेसं आहे. वसई-विरारच्या शाळांसाठी हा कागद पालघरला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जातो. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होण्याआधी त्यासाठी ठाणे गाठावं लागायचं, तेवढी एक सोय झाली.

संमतिपत्र छापील नमुन्यावर सही घेऊन संपत नाही. मुलाला दमा आहे का, फिट येते का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, बस लागते का, रोजची गोळी कोणती, हे त्याच कागदावर मागवायचं. पालकांचे दोन फोन नंबर घ्यायचे, कारण विरार लोकलमध्ये असलेल्या बाबांना फोन लागेलच असं नाही. आणि या कागदांची एक प्रत प्रवासात सोबत, दुसरी शाळेत. सगळं एका सरांच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्या मोबाइलचीच बॅटरी संपली, असं व्हायला वेळ लागत नाही.

स्पर्धेच्या निमंत्रणपत्रात एक गोष्ट सगळ्यात आधी शोधायची: प्रवास, राहणं आणि जेवण यांचा खर्च कोणाचा, आणि किती जणांचा. पथकातली मुलं धरली आहेत की सोबतचे शिक्षकही? हे स्पष्ट नसेल तर लेखी विचारायचं. तोंडी उत्तरावर तिकिटं काढू नयेत.

तारखांचा घोळ

अंतिम फेरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असते. नेमका तोच परीक्षांचा काळ. २०२५ चंच पाहा. दिल्लीची फेरी २४ जानेवारीला सुरू झाली आणि महाराष्ट्रात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षाही २४ जानेवारीलाच सुरू झाल्या. बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीपासून, दहावीची २१ फेब्रुवारीपासून. पथकातले सगळ्यात तयार वादक बहुधा नववी-दहावीचे, किंवा कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर अकरावी-बारावीचे असतात.

त्यामुळे दहावीच्या मुलाच्या आईने नाही म्हटलं तर ती चूक नाही. जाणत्या शाळा जूनमध्येच आठवी-नववीच्या मुलांना मुख्य वाद्यांवर बसवतात आणि दहावीची मुलं राखीव ठेवतात. उलटं केलं की जानेवारीत पथक अर्धं होतं.

दुसरा घोळ रेल्वेचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. राज्य आणि विभागाच्या फेऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत होतात. म्हणजे शाळेला आपण दिल्लीला जाणार हे कळेपर्यंत ६० दिवसांची खिडकी केव्हाच उघडून गेलेली असते आणि जानेवारीच्या गाड्या भरत आलेल्या असतात.

तीस तिकिटं एकत्र कशी काढायची?

खिडकीवरच्या एका अर्जावर जास्तीत जास्त सहा प्रवासी भरता येतात. तीस मुलं आणि चार मोठी माणसं म्हणजे सहा अर्ज, आणि सहा डब्यांत विखुरलेली मुलं. त्याऐवजी शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र, सोबत नाव, वय, इयत्ता अशी यादी आणि स्पर्धेच्या निमंत्रणाची प्रत घेऊन आरक्षण केंद्राच्या मुख्य पर्यवेक्षकांना भेटायचं. गटाचं आरक्षण मंजूर करून घेण्याची ही रीतसर वाट आहे.

याच पत्रव्यवहारातून आणखी एक सोय मिळते, जी फार कमी शाळांना माहीत असते. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या गटातला एखादा विद्यार्थी ऐनवेळी आजारी पडला, तर त्याच्या जागी त्याच संस्थेचा दुसरा विद्यार्थी त्याच आरक्षणावर जाऊ शकतो. त्यासाठी गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी संस्थाप्रमुखांचा लेखी अर्ज लागतो. ही सवलत एकदाच मिळते आणि गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. तीस मुलांत तीन. म्हणजे राखीव वादक तीन तयार ठेवले की भागतं.

भाड्यातल्या सवलतीचं काय? मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या. विद्यार्थी, काही प्रकारचे रुग्ण आणि दिव्यांग तेवढे सुटले. विद्यार्थ्यांना शैक्षणिक सहलीसाठी स्लीपर आणि सेकंड क्लासमध्ये ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. खेळाडू आणि कलावंतांच्या सवलती मात्र २०२० मध्येच थांबल्या. बँडपथक नेमकं या दोहोंच्या मध्ये पडतं. म्हणून दाखला कोणत्या कारणासाठी आणि कसा भरायचा, हे तिकीट काढायच्या दिवशी खिडकीवर न विचारता आठवडाभर आधी विचारून यायचं.

आणि मग ढोल

पथकाच्या प्रवासात सगळ्यात जास्त डोकं खातं ते सामान. रेल्वेत स्लीपर डब्यात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येतं, १२ वर्षांखालच्या मुलांना त्याच्या निम्मं. तीस जणांचं मिळून वजनाचं गणित सहज बसतं. अडतं ते आकारात. डब्यात नेण्याच्या पेटीची कमाल मापं १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच अशी आहेत. सव्वीस इंची बास ड्रमचा व्यास ६६ सेंटिमीटर, आणि खोली ३० सेंटिमीटरच्या वर. सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं ते भलंमोठं पितळी वाद्य, त्याचं तोंडही साधारण तेवढंच. थोडक्यात, नियमाने पाहिलं तर पथकाचा सगळ्यात मोठा आवाज डब्यात बसतच नाही.

अशी वाद्यं ब्रेक व्हॅनमध्ये सामान म्हणून बुक करावी लागतात. इथे वसई-विरारकरांची खास अडचण येते. दिल्लीकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी इथल्या लोकांना बोरिवली गाठावं लागतं, आणि तिथे गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात तीस मुलं चढवायची की ढोल? मोठी वाद्यं गाडी जिथून सुटते तिथेच, म्हणजे मुंबई सेंट्रल किंवा वांद्रे टर्मिनसला चढवलेली बरी. आदल्या रात्री छोटा हत्ती करून वाद्यं तिकडे न्यायची, सोबत दोन मोठी माणसं. मुलं लोकलने मागून.

लोकलने जायचं तर सकाळी सहा ते दहाच्या मध्ये विरारहून चर्चगेटच्या दिशेने कुणी साइड ड्रम घेऊन चढण्याचा विचारही करू नये. याचं कारण समजावून सांगायची गरज पालघर जिल्ह्यात तरी नाही. दुपारच्या गाडीत, मालडब्यात, वाद्यांवर शाळेचं नाव लिहून, हे शक्य आहे.

दिल्लीचा आणखी एक पेच. प्रजासत्ताक दिनाच्या सुरक्षेसाठी दिल्लीच्या स्थानकांवर त्या आठवड्यात काही दिवस पार्सलची ने-आण बंद ठेवली जाते. प्रवाशांच्या हातातल्या सामानाला अडवत नाहीत, पण पार्सलने पुढे पाठवलेली वाद्यं अडकू शकतात. ज्या स्पर्धेसाठी जायचं, तीच नेमकी या आठवड्यात. त्यामुळे वाद्यं आठवडाभर आधी पाठवायची, किंवा मोठी दोन-चार वाद्यं दिल्लीतच कुठल्या शाळेकडून उसनी मिळतील का हे आयोजकांकडे विचारायचं. अमेरिकेतल्या मोठ्या शाळांच्या पथकांकडे वाद्यांसाठी स्वतंत्र ट्रक असतो आणि पालकांची समिती वर्षभर निधी गोळा करते. आपल्याकडे ट्रकचं काम पालकांपैकी कुणाचा तरी टेम्पो करतो.

पॅकिंगसाठी महागड्या पेट्या नसल्या तरी चालतं. जुनी गोधडी, चादरी आणि सुतळी यांत ढोल नीट बांधला की तो शाबूत पोहोचतो. ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह आणि माउथपीस मात्र ज्याच्या त्याच्या पिशवीत. दुसऱ्याचा माउथपीस तोंडाला लावायचा नाही हा नियम प्रवासात तर पाळायचाच, कारण एकाचा सर्दी-ताप दिल्लीला पोहोचेपर्यंत सहा जणांना झालेला असतो.

बसने जायचं असेल तर

राज्य फेरीसाठी किंवा मुंबई-पुण्यातल्या कार्यक्रमांसाठी बस सोयीची. शालेय सहलींसाठी एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी या सहलींना नव्या बस देण्याची घोषणा केली. खासगी बस घेतली तर परवाना, विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती आधी मागून घ्यायच्या. लांबच्या प्रवासाला दोन चालक हवेत.

वसई-विरारमधून बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. पूर्वेला महामार्ग, आणि तो वर्सोवा पूल किंवा घोडबंदरच्या तोंडाशी अडला की दुसरा सोयीचा रस्ता नाही. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू आहे, तिच्यामुळे मोठा वळसा वाचतो. पण मुलांचा गट घेऊन पाण्यातून जाण्याबाबत शिक्षण विभाग किती सावध आहे ते वर आलंच आहे. ती वाट मोठ्यांसाठी ठेवावी.

मग उपाय एकच, वेळ. हजेरी आठची असेल तर गुगल मॅपने दाखवलेल्या वेळेत निदान दोन-अडीच तास मिळवायचे. पहाटे निघायचं नसेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जायचं. ऑक्टोबरच्या त्या रात्री बसमधल्या मुलांकडे जे नव्हतं ते प्रत्येक बसमध्ये हवं: माणशी दोन लिटर पाणी, चिक्की-चणे-केळी असं न सांडणारं खाणं, एक बादली आणि कागद, ओकारीसाठी पिशव्या, मोबाइल चार्ज करायला दोन पॉवर बँक. निघण्याआधी वाहतूक पोलिसांच्या सूचना पाहायच्या. घोडबंदरच्या दुरुस्तीची आणि वाहनं वळवल्याची सूचना तेव्हा आधीच निघालेली होती.

पावसाळ्यात हाच हिशोब आणखी कडक होतो. १० जुलै २०१८ ला नालासोपारा-विरारदरम्यान रूळ पाण्याखाली जाऊन लांब पल्ल्याच्या गाड्या अडकल्या आणि प्रवाशांना काढायला एनडीआरएफला बोलवावं लागलं. १५ ऑगस्टच्या सरावाचे दिवस नेमके हेच. वाद्यांची खोली तळमजल्यावर असेल तर जूनच्या आत ती वर हलवावी, नाहीतर प्रवासाचा प्रश्नच उरणार नाही.

दिल्लीत पोहोचल्यावर सूर का उतरतो?

वसईच्या मुलांनी जानेवारीत सराव केलेला असतो तो दुपारी २८-३० अंशांत. दिल्लीत सकाळी आठला तापमान ८ अंशांच्या आसपास असतं. आणि मग सगळं नीट बसवलेलं असूनही पहिली धून बेसूर लागते. मुलं घाबरतात, मास्तर चिडतात. चूक दोघांचीही नसते.

कारण साधं आहे. पितळी वाद्यात सूर तयार होतो तो नळीतल्या हवेच्या कंपनातून. हवा थंड झाली की तिच्यातला आवाजाचा वेग कमी होतो. प्रत्येक अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. २८ अंशांवर हा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर असतो, ८ अंशांवर सुमारे ३३६. वेग उतरला की सूर उतरतो. नळीतली हवा खरोखरच ८ अंशांची झाली, तर सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त खाली जातो. वाजवणाऱ्याच्या श्वासाने हवा गरम होत राहते, म्हणून प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही. पण दहा मिनिटं रांगेत सावधान उभं राहिल्यावर पहिली फुंकर मारली की तो ऐकू येतोच. त्यात धातूच्या पट्ट्यांचं बेल लायरा पथकात असेल तर गंमत आणखी वाढते. त्या पट्ट्यांचा सूर थंडीत खाली येत नाही, उलट किंचित चढतो. ट्रम्पेट खाली, बेल लायरा वर.

यावर तोडगा म्हणजे मैदानात उतरण्याआधी वाद्य अंगाशी धरून ठेवायचं, आवाज न काढता नळीतून गरम श्वास सोडत राहायचं आणि सूर मिळवायचं काम खोलीत न करता बाहेर थंडीतच करायचं. बॅगपाइपच्या रीड वेताच्या असतात, त्यांना किनाऱ्यावरच्या दमट हवेची सवय असते. उत्तरेच्या कोरड्या थंडीत त्या वेगळ्या वागतात, म्हणून जादा रीड बरोबर हव्यातच. ड्रमला चामड्याचं तोंड असेल तर त्याचा ताणही बदलतो, चावी सोबत ठेवायची.

ओठ फुटणं ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीचा ओठ चिरला की तिचं वाजवणं थांबतं. दोन दिवस आधीपासून व्हॅसलीन, भरपूर पाणी. गणवेशाच्या आत थर्मल, पांढऱ्या हातमोज्यांच्या आत बोटांना ऊब. वसईत जन्मलेल्या कित्येक मुलांकडे खरा लोकरीचा स्वेटरच नसतो, हे शाळेने आधीच विचारून घ्यावं. आणि नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. निदान पंधरा दिवस सरावात वापरायचे.

मुली पथकात असतील तर सॅनिटरी पॅड, बदलायला बंद जागा आणि स्वच्छ स्वच्छतागृह यांची जबाबदारी एका शिक्षिकेकडे नावानिशी द्यायची. हे लाजत शेवटी विचारायचं काम नाही. धुक्यामुळे गाडी आठ-दहा तास उशिरा धावणं जानेवारीत उत्तरेकडे नेहमीचं आहे, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी दिल्ली गाठायची. प्रवासात अडचण आली तर रेल्वेची मदतवाहिनी १३९, मुलांसाठी १०९८ आणि कुठल्याही आणीबाणीला ११२. हे तीन आकडे प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रामागे छापायला खर्च येत नाही.

कोण जाणार आणि कोण नाही

सगळ्यात अवघड बैठक ही असते. पथकात पंचेचाळीस मुलं, जागा तीसच. वाजवण्यावरून निवडायचं हे सगळ्यांना मान्य असतं. मग खर्चाचा विषय निघतो आणि दोन-तीन मुलं हळूच मास्तरांना सांगतात की घरी विचारलं, जमणार नाही. त्यातला एखादा पथकातला सगळ्यात चांगला साइड ड्रम वाजवणारा असतो. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला थर्मल, बूट, गणवेश, प्रवासातलं खाणं असं मिळून महिन्याच्या भाड्याइतका खर्च येऊ शकतो.

ज्या शाळा हे नीट हाताळतात त्या खर्च माणशी वाटून मागतच नाहीत. पथकाचा एकच खर्च धरतात आणि तो माजी विद्यार्थी, पालक संघ, स्थानिक नगरसेवक, पतपेढी, चर्च किंवा गणेश मंडळ अशा ठिकाणांहून उभा करतात. पावती प्रत्येकाला, हिशोब सूचनाफलकावर. पैसे कमी पडले तर मुलं कमी न करता खाणं-राहणं साधं करतात. कुणी किती दिले हे मुलांपर्यंत पोहोचू देत नाहीत. बसमध्ये कुणाचे पैसे भरले आणि कुणाचे शाळेने, हे मुलांना कळलं की पथकाची रांग तिथेच मोडते.

न गेलेल्या पंधरा मुलांचंही काहीतरी करावं लागतं. काही शाळांत ती मुलं २६ जानेवारीला शाळेच्या ध्वजवंदनाला वाजवतात, कारण मुख्य पथक तेव्हा बाहेर असतं. हे काम त्यांना डिसेंबरमध्येच सांगितलं तर सरावाला कारण मिळतं. २५ तारखेला सांगितलं तर ते समजूत काढल्यासारखं वाटतं.

परतीचा प्रवास

जाताना सगळे सावध असतात, सामान हरवतं ते येताना. दमलेली मुलं, हातात ट्रॉफी किंवा नुसतंच प्रमाणपत्र, मध्यरात्री बोरिवली. म्हणून वाद्यांची यादी एका शिक्षकाकडे आणि मुलांची यादी दुसऱ्याकडे द्यायची, एकाकडेच दोन्ही नको. गाडीत बसल्यावर, उतरण्याआधी अर्धा तास आणि फलाटावर उतरल्यावर, तीनदा मोजणी. बोरिवलीहून विरारच्या शेवटच्या लोकल पकडायच्या की पालकांनी येऊन न्यायचं हे निघण्याआधीच ठरलेलं असावं, आणि प्रत्येक मूल कुणाच्या हवाली केलं त्याची सही घ्यावी. झांजांची एक जोडी कमी भरली तर ती बहुतेक वेळा वरच्या बर्थवर, चादरीखाली सापडते.